पडद्याच्या कोपऱ्यातली बाई

सरकारची पत्रकार परिषद टीव्हीवर सुरू झाली की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक गोल चौकट उघडते आणि तिच्यात काळा सदरा घातलेली एक बाई हातवारे करताना दिसते. ऐकू येणाऱ्यांना ती दिसूनही दिसत नाही. तिच्याकडे लक्ष गेलंच तर मिनिटभर, तेही मंत्री फारच कंटाळवाणं बोलत असले तर. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं बरोबर उलट. त्यांच्या लेखी ती बाईच बातमी सांगते, आणि मागे नुसते ओठ हलवणारा मंत्री ही शोभेची वस्तू असते.

या बाईला समाजकल्याण खात्यात सगळे दुभाषीबाई म्हणत. खात्यातला म्हातारा शिपाई तिच्याशी नेहमी ओरडून, एकेक अक्षर सुटं करून बोलायचा. बहिऱ्यांसाठी काम करते म्हणजे हिलाही कमीच ऐकू येत असणार, असं त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. तिनं त्याला तीन-चारदा समजावलं, मग नाद सोडला. गंमत म्हणजे हा समज एकट्या शिपायाचा नव्हता. चांगल्या शिकल्यासवरल्या अधिकाऱ्यांनाही आतून तसंच वाटत असावं, कारण तिच्यादेखत ते वाट्टेल ते बोलत. खोलीत पंखा असतो, टेबल असतं, तशी दुभाषीबाई असते.

घरात ऐकू येणारी ती एकटीच. आई, वडील, मोठा भाऊ, तिघंही जन्मापासून कर्णबधिर. पाच वर्षांची असल्यापासून घरमालकाचा आरडाओरडा, डॉक्टरांचा सल्ला, दुकानदाराची कुरकुर ती हातांनी घरात पोचवत आली होती. वडिलांनी तेव्हाच बजावलं होतं, लोक वाईट बोलले तर वाईटच सांग. पदरचं काही घालू नकोस आणि आम्हाला लागेल म्हणून काही गाळू नकोस. पुढे रीतसर परीक्षा दिली तेव्हा तिथेही हेच शिकवलं, फक्त जाड पुस्तकातून. बोलणारा "मी" म्हणाला की दुभाष्यानंही छातीवर बोट ठेवून "मी"च दाखवायचं. मंत्री म्हणाले, "मी कटिबद्ध आहे," की ती छातीवर बोट ठेवून कटिबद्ध व्हायची. दिवसातून पन्नासदा मंत्री होऊन ती साडेपाचच्या बसनं घरी जायची.

गेल्या वर्षी खात्यानं अकरा हजार मुलांना श्रवणयंत्रं वाटली होती. मोठा समारंभ झाला, मंत्र्यांनी स्वतः एका मुलीच्या कानात यंत्र बसवलं, आणि तो फोटो सगळ्या बसथांब्यांवर झळकला. दोन महिन्यांत यंत्रं बंद पडू लागली. बंद पडली ती परवडली म्हणायची पाळी आली, कारण जी चालू होती ती कानात अशी काही किंचाळत की मुलं रडून उपटून टाकत. भावाच्या मुलीचं यंत्र या किंचाळणाऱ्यांतलं होतं. भाचीला थोडंसं ऐकू यायचं. जुन्या यंत्रानं तिला दारावरची थाप कळायची, स्वतःचं हसू कळायचं. पण नवं मिळणार म्हणून जुनं यंत्र खात्यानं परत घेतलं होतं.

भाऊ, म्हणजे दादा, घड्याळं दुरुस्त करायचा. घड्याळ चालू आहे की बंद हे तो बोटाच्या टोकाला धरून सांगायचा, आणि कानाला लावून सांगणाऱ्यांपेक्षा बिनचूक सांगायचा. त्यानं डोळ्याला भिंग लावून लेकीचं यंत्र उघडलं. चिमट्यानं लेबल सोललं, तर खाली दुसरं लेबल निघालं, सहा वर्षांपूर्वीचं, वापरायची मुदत खरवडून काढलेलं. कुणीतरी भंगारात काढलेला माल नव्या डब्यांत भरून मुलांच्या कानात बसवला होता. दादानं ओळखीच्या चाळीस पालकांची यंत्रं उघडली. चाळिसांतही तेच. मग बोभाटा झाला, चौकशी समिती नेमली गेली, आणि येत्या सोमवारी हे चाळीस जण आपापली यंत्रं घेऊन समितीपुढे जाणार होते. फायलींचं काय, त्या हव्या तेव्हा हरवतात. दोन लेबलांचं यंत्र पालकांच्या हातात होतं, तोवर काळजी नव्हती.

सत्ताधारी पक्षाची पत तोवर पार धुळीला मिळालेली होती. आधी पुलाचं प्रकरण झालं, मग नोकरभरतीच्या पेपरांचं, आणि दरवेळी त्यांनी इतक्या ठामपणे इन्कार केला की लोकांनी इन्कारालाच कबुली समजायला सुरुवात केली. पक्षाचा प्रवक्ता "आज मंगळवार आहे" म्हणाला असता तरी लोकांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं असतं.

तर त्या मंगळवारी अकरा वाजता श्रवणयंत्रांवर पत्रकार परिषद होती. निवेदन आधी वाचून ठेवावं म्हणून दुभाषीबाईला दहा वाजता मंत्र्यांच्या खोलीत बोलावलं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर कागद घेऊन बसली. वाचता वाचता बोटं मांडीवर हलत होती. दुभाष्यांची ती सवयच असते. मंत्री आरशासमोर केस चापून बसवत होते आणि त्यांचा सचिव फाइल चाळत होता.

"खरेदीच्या कागदांवर मेहुण्याच्या सह्या किती ठिकाणी आहेत?" मंत्र्यांनी विचारलं.

"सात ठिकाणी, साहेब. पण ते कनिष्ठ अधिकाऱ्यावर ढकलता येईल. तो तयार आहे."

मंत्री बरं म्हणाले आणि कंगवा खिशात ठेवला. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

मंत्र्यांच्या या मेहुण्याला गावातले सगळे कर्णबधिर ओळखत होते. वाटपाच्या समारंभात तो पहिल्या रांगेत बसून तासभर मोटारीच्या किल्लीनं कान कोरत होता. मुलांनी त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं: कानाजवळ किल्ली फिरवायची, झाला मेहुणा. त्यांच्यात प्रत्येकाला असं हातानं दाखवायचं नाव असतं, आणि एकदा पडलं की ते मरेपर्यंत सुटत नाही. मंत्र्यांचं नाव होतं केस चापून बसवणं.

परिषद सुरू झाली. मंत्र्यांनी खेद व्यक्त केला, ती खेद झाली. मंत्री म्हणाले, "ही खरेदी एका कनिष्ठ अधिकाऱ्यानं परस्पर केली." आता हातांच्या भाषेत कुणी एक अधिकारी असा मोघम हवेत सोडून भागत नाही. ज्यानं काम केलं त्याला आधी समोर एका जागी उभा करावा लागतो, मग पुढचं सगळं त्या जागेकडे बोट करून सांगायचं असतं. तिनं उभा केला. एक तास डोक्यात जो माणूस घोळत होता तोच उभा केला. तिचा उजवा हात कानाजवळ गेला, किल्ली फिरली, आणि पुढची सात मिनिटं ती त्याच जागेकडे बोट करत राहिली. डोक्याला पत्ताच नव्हता. सराईत हात डोक्याला विचारून चालत नाहीत.

बारा वाजता व्हरांड्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या मागे वहिनी, वहिनीच्या काखेतून भाची डोकावत होती. दादाचे डोळे चमकत होते.

"ते स्वतः म्हणाले? मेहुण्यानं केलं म्हणून?"

"कधी?"

"आत्ता. तूच तर सांगितलंस."

तिनं मनातल्या मनात परिषद उलटी फिरवली आणि आपला हात कानाजवळ गेलेला तिला दिसला. या कामाच्या बारा वर्षांत तिनं एक शब्द पदरचा घातला नव्हता. तिनं दादाला कसंबसं सांगितलं की चूक झाली, साहेब तसं म्हणाले नाहीत. दादानं विचारलं, चूक झाली म्हणजे ते खोटं आहे का? तिनं "नंतर बोलते" असं दाखवलं आणि फोन बंद केला.

संध्याकाळपर्यंत कुणा कर्णबधिर आईबापांच्या ऐकू येणाऱ्या मुलानं त्या सात मिनिटांवर खुणांचा अर्थ सांगणारी अक्षरं चढवून ती सगळीकडे पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी विरोधक कानाजवळ किल्ल्या फिरवत सभागृहात शिरले. वाहिन्यांवर तिचा हात सावकाश, परत परत, कानाकडे जात होता. इतकी वर्षं जिला कुणी पाहिलं नव्हतं तिला आता बसमध्ये लोक वळून बघू लागले. भाजीवाल्यानं अंगठा वर करून दाखवला. ती मात्र फोन वाजला की दचकायची, वाजला नाही की जास्तच. लोक तिला धीट समजत होते आणि तिला माहीत होतं की आपण फक्त चुकलो आहोत. आपल्या कामात जी गोष्ट करायची नाही म्हणून शपथ घेतात तीच तिनं केली होती, याची लाज वेगळीच.

गुरुवारी सचिवानं बोलावलं. बोलणी खाण्याच्या तयारीनं ती आत गेली, तर त्यानं स्वतः उठून खुर्ची पुढे केली. तिचा जीव आणखीच घाबरा झाला.

"ताई, मला एकच सांगा. साहेब ते नाव बोलले का?"

"नाही."

"मग चूक कुणाची?"

"माझी."

"झालं तर. तेवढंच तुम्ही तुमच्या भाषेत सांगायचं. तुमच्या मनावरचं ओझंही उतरेल."

त्यानं एक कागद पुढे सरकवला. पाच ओळी होत्या. मी दुभाषी. मंगळवारी माझ्याकडून चुकीची खूण झाली. मी दाखवलेल्या व्यक्तीचा या खरेदीशी काहीही संबंध नाही. खात्याचं काम चोख आहे याची मी स्वतः खात्री केली आहे. पालकांनी सदोष यंत्रं शनिवारपर्यंत केंद्रावर जमा करावीत, पंधरा दिवसांत नवी मिळतील.

पहिल्या दोन ओळी खऱ्या होत्या. बाकीच्यांकडे ती बघत राहिली. शेवटची ओळ माझ्या चुकीत कशी काय येते, असं तिनं विचारलं.

सचिव पेनच्या टोपणाची उघडझाप करत होता. तो काही राक्षस नव्हता. डोळ्यांखाली काळं आलेलं, शर्टाच्या बाह्या चुरगळलेल्या. पक्षाच्या चुका निस्तरून निस्तरून तोही मेटाकुटीला आलेला दिसत होता.

"आमचं आता कुणी ऐकत नाही, ताई," तो म्हणाला. "तुमचं ऐकतात."

मग त्यानं सहज विचारावं तशा दोन गोष्टी विचारल्या. तिचं दर तीन महिन्यांनी वाढवायचं कंत्राट सोमवारीच संपतं ना, आणि आता कायम करायचं का? आणि दादाचं दुकान बाजाराच्या जिन्याखाली आहे, त्याचा परवाना कुणाच्या नावावर आहे? धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. कुणाला सांगायला गेलं तर लोक म्हणाले असते, किती आपुलकीनं चौकशी केली.

दुपारी पाठीमागे निळा पडदा लावून चित्रीकरण झालं. या वेळी ती कोपऱ्यात नव्हती, सगळा पडदा तिचा होता. सचिवानं खात्री करायला दुसऱ्या खात्यातून एक दुभाषी मुलगी आणून कॅमेऱ्याशेजारी बसवली होती. ज्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही ते कुणावरच ठेवत नाहीत. ती मनाशी म्हणत होती, मला काय, तोंड त्यांचं, हात माझे. लिहून दिलंय ते दाखवायचं. बारा वर्षं हेच केलं. पण पहिलीच खूण करायला तिनं छातीवर बोट ठेवलं आणि तिच्या लक्षात आलं की या "मी"च्या मागे कुणीच बोलत नाहीये. मंत्री नाहीत, सचिव नाही. खोलीत नुसता दिव्यांचा आवाज होता. बोट तिथंच राहिलं. सचिवानं हातानंच "चालू द्या" केलं, आणि पाचही ओळी तिनं एका दमात, स्वच्छ, एकही खूण न चुकता दाखवल्या.

ऐकू येणाऱ्या जगानं त्या खुलाशाची यथेच्छ टर उडवली. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं आली. कुणाचाच विश्वास बसला नाही. म्हणून शुक्रवारी सकाळपर्यंत ती स्वतःची समजूत घालत होती की यातून काहीही होणार नाही. दादा तर एवढा हुशार, स्वतःच्या डोळ्यांनी लेबल बघितलेला माणूस. तो कशाला यंत्र हातचं सोडेल?

शुक्रवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती तेव्हा त्याचा कॉल आला. तिनं घाईघाईनं हात धुतले, फोन डब्याला टेकवून उभा केला. दादा दुकानातच होता. त्यानं आधी जेवलीस का विचारलं. मग सांगितलं की सकाळपासून पालकांचे व्हिडिओ कॉल येताहेत, सोमवारचं काय करायचं, यंत्रं द्यायची की नाही. त्याला स्वतःला द्यावीशी वाटत नव्हती. पण लोक म्हणताहेत की तिनं स्वतः खात्री केली आहे म्हणजे प्रश्नच मिटला. तो थांबला, कॅमेऱ्याच्या जवळ आला.

"एकच सांग. त्यातला 'मी' कोण? ते का तू?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. खिडकीत सचिव उभा नव्हता. "ते" एवढी एक खूण, बोट बाहेरच्या बाजूला. तिनं बोट उचललंही. पण "ते" म्हटलं की अर्ध्या तासात चाळीस घरांना कळणार, उद्या सकाळी खात्याला, आणि मग कंत्राट, आणि जिन्याखालचं दुकान. आणि याहूनही जड म्हणजे दादा विचारणार, मग तू कॅमेऱ्यासमोर उभी तरी का राहिलीस? तिनं बोट वळवून स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"मी."

दादाचा चेहरा एकदम सैल झाला. केवढं ओझं उतरलं, असं त्यानं दोन्ही खांद्यांनी दाखवलं, आणि कणीक वाळेल, जा, म्हणून फोन ठेवला.

शनिवारी केंद्र उघडलं तेव्हा रांगेत पहिला दादा होता. चाळिसांपैकी सदतीस जणांनी यंत्रं जमा केली, पावत्या घेतल्या. पावतीवर "यंत्र, नग एक" एवढंच लिहिलेलं होतं. सोमवारी समितीनं पुरावा मागितला तेव्हा यंत्रं दुरुस्तीला बाहेरगावी गेली होती. उरलेल्या तीन यंत्रांशी पालकांनी स्वतः छेडछाड केलेली आहे, असं समितीनं लिहिलं; दादानं चिमट्यानं काढलेले ओरखडे त्यांच्यावर होतेच. पंधरा दिवसांनी नवी यंत्रं आली नाहीत. महिन्यानं समितीचा अहवाल आला: आरोपांना आधार नाही. मंत्र्यांनी पत्रकार परिषद घेऊन सत्याचा विजय झाल्याचं जाहीर केलं आणि कोपऱ्यातल्या चौकटीत, कायम नोकरीचा आदेश पर्समध्ये असलेली बाई सत्याचा विजय झाली. पत्रकार हसले. पक्षाच्या शब्दाला पूर्वी किंमत नव्हती, आताही आली नाही. गेली ती वेगळ्याच माणसाची.

वहिनीनं तिचे कॉल घेणं आधीच बंद केलं होतं. भाची एकदा रस्त्यात दिसली, आईचं बोट धरून. आत्यानं हात हलवला तशी तिनं पटकन डोळे मिटून घेतले आणि वहिनीनं ओढून नेईपर्यंत ते उघडलेच नाहीत. सात वर्षांचं पोर, पण ऐकायचं नसलं की डोळे मिटायचे हे त्यांच्यात तान्ह्यालाही कळतं. तिच्या कानात काही नव्हतं.

शेवटी एका रविवारी सकाळी ती दुकानात गेली. काय सांगायचं हे तिनं बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं. मी घाबरले. मी खोटं बोलले. तुझ्याशी बोलले. हात मांडीवर पर्सखाली सराव करत होते.

दादा भिंग लावून एका मनगटी घड्याळात वाकलेला होता. समोर सावली पडली तसं त्यानं वर पाहिलं. तिला पाहिलं. तिनं लगेच छातीवर बोट ठेवलं, पण पुढची खूण व्हायच्या आत त्यानं नजर खाली घेतली. भिंग काढून फडक्यावर ठेवलं. काउंटरला दोरीनं बांधलेली एक वही होती, ऐकू येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी; ते काय हवं ते लिहायचे, तो खाली उत्तर लिहायचा. त्यानं ती उघडली, कोरं पान काढलं, आणि आपल्या ठसठशीत, शाळकरी अक्षरात एक ओळ लिहून वही तिच्याकडे फिरवली.

"आपलं काय काम आहे?"

तो तिच्या हातांकडे बघत नव्हता. वहीकडे बघत, शांतपणे, कुणाही गिऱ्हाइकाची वाट बघावी तशी तिच्या उत्तराची वाट बघत होता. मग त्यानं पेन्सिल तिच्या बाजूला सरकवली. तिनं ती उचलली. हातांना सगळं पाठ होतं, पण लिहायचं काय ते तिला सुचेना.